शांतता समिती सणाच्या आठवड्यातच का बसते? तुमच्या गावात वर्षभर काय चालतं?

मिरजपट्टा (धागाकर्ता)

आमच्या भागात गणपती, मोहरम, उरूस, शिवजयंती, भीमजयंती यातलं काहीही तोंडावर आलं की पोलीस ठाण्यातून निरोप येतो: उद्या संध्याकाळी पाच वाजता शांतता समितीची बैठक, सर्वांनी उपस्थित राहावे. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, पुढच्या रांगेत दोन्ही समाजांतली नेहमीची मंडळी, साहेबांचं आवाजाच्या मर्यादेवर आणि मिरवणुकीच्या मार्गावर भाषण, मग चहा, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'सण शांततेत साजरे करण्याचे आवाहन'. सण पार पडला की समितीचं नाव कुणी काढत नाही.

या बैठकींना जाणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यातले कितीतरी लोक वेळप्रसंगी जीव धोक्यात घालून मध्ये पडलेले आहेत. पण अफवा पोचते ती रात्री दहानंतर, बोळातल्या पोरांच्या मोबाइलवर. पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्याला ती पोरं नावानिशी माहीत नसतात आणि पोरांनाही तो पुढारी आपला वाटत नाही.

मिरजेचंच घ्या. मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची पुण्यतिथी संगीतसभेने होते. सतारी आणि तानपुरे करणारी मुस्लिम घराणी इथली, आणि त्यांनी लावून दिलेल्या तानपुऱ्यांवर कितीतरी गावांतली भजनं चालतात. एवढा ठेवा असलेल्या गावात सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन गणपतीत, एका स्वागतकमानीवरच्या अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल झाली, संचारबंदी लागली, आणि त्याचं लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. एकत्र नांदण्याची परंपरा असणं वेगळं आणि वाईट रात्री ती कामी येणं वेगळं, हे मी त्या वर्षापासून मनात धरून आहे.

याच्या उलट भिवंडी. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भयंकर दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्या. मादन आयोग बसला. १९८४ मध्ये पुन्हा तेच. भिवंडीचं नाव काढलं की लोक दंगलच आठवायचे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे गेले आणि त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या, सत्तरच्या आसपास. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिलं.

मला विचारायचंय ते हे की तुमच्या गावात, वस्तीत, सोसायटीत सण नसतानाही चालणारं असं काही आहे का? कोण करतं, पैसे कुठून येतात, आणि ते टिकलं कशामुळे? नुसतं 'आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात' असं लिहू नका. काय करता ते लिहा.

यंत्रमाग

भिवंडीचाच आहे म्हणून लिहितो. खोपडे साहेबांच्या समित्यांबद्दल बाहेरचे लोक 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' एवढंच सांगतात, पण खरी मेख वेगळी होती. आधीच्या शांतता समितीत जे मोठे लोक असायचे त्यांना इथे मुद्दाम आणलं नव्हतं. लूमवर काम करणारा, पानवाला, रिक्षावाला, शिक्षक, घरी असणाऱ्या बायका, असे त्याच गल्लीत राहणारे दोन्हीकडचे लोक आणि त्या भागाचा पोलीस अधिकारी. बैठक ठाण्यात नाही, मोहल्ल्यात.

आणि तिथे चर्चा धर्मावर व्हायची नाही. नळाला पाणी येत नाही, मालक भाडेकरूला काढतोय, नवरा दारू पिऊन मारतो, गटाराचं पाणी कुणाच्या दारात जातं, असे विषय. आमच्या गावात पद्मशाली विणकर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधले कामगार आहेत, आगरी-कोळी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. एरवी एकमेकांच्या दारात जायचं कारणच नाही. गटारासाठी जावं लागलं. माझे वडील सांगायचे की पोलिसाशी गुन्हा सोडून दुसऱ्या कशावर बोलता येतं हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

डिसेंबर ९२ मध्ये आमच्याकडे लोक घाबरलेले नव्हते असं नाही. पण जो तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी कोण उभा आहे हे त्याला माहीत होतं.

नदीकाठचा

यंत्रमाग, चांगलं लिहिलंत. पण पुढचंही सांगायला हवं. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत, कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्याच्या वादातून पोलीस गोळीबारात दोघे गेले आणि नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना मारलं. तेव्हा त्या समित्या कुठे होत्या? अधिकारी बदलून गेला की सगळं विरतं. पोलिसांच्या पाठिंब्यावर उभी असलेली शांतता मला भरवशाची वाटत नाही. त्यातही वाद जर पोलीस आणि एका समाजात असेल तर पोलिसांनी बोलावलेली समिती काय करणार?

यंत्रमाग

तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि आमच्याकडे तो आम्हीही एकमेकांना विचारतो. कागदावर समित्या होत्या. बैठका थांबल्या होत्या, जुनी माणसं म्हातारी झाली, काही गेली, आणि पुन्हा तीच पुढाऱ्यांची यादी आली होती. मला त्यातून एवढंच दिसतं की पद्धत चुकीची नव्हती, ती चालू ठेवली गेली नाही.

माटुंगा_लेबर_कॅम्प

मुंबईतलं सांगते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे, त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. धारावी तेव्हा आतून फाटली होती. त्यानंतर सतीश सहानी पोलीस आयुक्त असताना, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि इतरांनी मिळून मोहल्ला कमिटीची चळवळ मुंबईत उभी केली, ती १९९४ पासून. इथे पोलिसांबरोबर नागरिकांचा स्वतःचा ट्रस्ट होता, म्हणून आयुक्त बदलल्यावरही काम थांबलं नाही. नदीकाठचा यांच्या शंकेचं हे एक उत्तर असू शकेल.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती. भाऊ शाळेत नोकरी करून निवृत्त झालेले, वकारभाई कपड्यांच्या धंद्यातले. वकारभाईंनी चार लहान मुलांना पंडित, मौलवी, पाद्री आणि शीख अशा वेशात उभं करून 'हम सब एक हैं' असं पोस्टर काढलं होतं. ते पोलीस चौक्यांपासून टेलरच्या दुकानापर्यंत चिकटलेलं असायचं. कुणी म्हणेल पोस्टरने काय होतं. पण त्या गल्ल्यांत लोक एकमेकांच्या नजरा टाळून चालत होते तेव्हा एखाद्या दुकानदाराने ते पोस्टर आपल्या काउंटरमागे लावायचं ठरवणं, म्हणजे त्याने सगळ्यांसमोर बाजू घेतलेली असायची.

दुसरं क्रिकेट. मोहल्ल्यातली मुलं आणि पोलीस यांचे सामने. ज्या मुलांच्या मनात खाकी वर्दी म्हणजे फक्त धरपकड होती, त्यांनी त्याच हवालदाराला यॉर्कर टाकायचा. माझा मोठा भाऊ त्यात खेळलेला आहे.

कोकणकडा

सगळं वाचते आहे. तुमचं काम मोठं आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

आमच्या गावात कधीही दंगल झाली नाही. शांतता समितीची गरजच पडली नाही. गाव शांत होतं, कारण गावकीपुढे, म्हणजे गावातल्या पंचांपुढे, कुणी बोलत नव्हतं. माझ्या चुलत्यांनी देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला आणि त्यांना वाळीत टाकलं. पिठाच्या गिरणीवर दळण घेईनात. दुकानदार 'माल संपलाय' म्हणायचा, त्याच्या मागे पोती दिसत असायची. चुलतीचे हातपाय दुखायचे तर रिक्षा थांबायची नाही. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला घरातली माणसं कमी पडली म्हणून मुंबईहून नातेवाईक येईपर्यंत थांबावं लागलं, आणि समोरच्या घरातले लोक खिडकीतून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते. पण दंड भरावा लागेल म्हणून एकजण उंबरा ओलांडून आला नाही.

त्या वर्षी कुणी आमच्या गावात येऊन विचारलं असतं तर सगळ्यांनी सांगितलं असतं, आमच्याकडे अगदी शांतता आहे.

म्हणून मला वाटतं, शांततेचं काम करणाऱ्या प्रत्येक गटाने आधी हे विचारावं की आपल्या गावात कोण गप्प आहे आणि का. आता कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत देता येते, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध चालवलेली मोहीम आहे. ज्या वर्षी ती मोहीम सुरू झाली त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, आणि तरीही ती माणसं गावोगावी जात राहिली. आमच्या घरी आलेले दोघे एसटीने आले होते, आमच्याकडे जेवले, आणि गावकीतल्या लोकांनाही जाऊन भेटले. शिवीगाळ ऐकून घेतली, आवाज चढवला नाही.

मिरजपट्टा

कोकणकडा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 'आपल्या गावात कोण गप्प आहे' हा प्रश्न मी, आम्ही इथे जो छोटा गट चालवतो त्याच्या पुढच्या बैठकीत पहिला ठेवणार आहे. घरचं आता कसं आहे?

कोकणकडा

केस झाली, नंतर समेट झाला. गिरणी सुरू झाली. बोलणं अजून तुटक आहे. पण गेल्या पालखीला चुलत्यांच्या दारात पालखी थांबली.

शनिवारवाड्यापलीकडे

पुण्यातून एक भर घालतो. बाबा आढावांचं 'एक गाव एक पाणवठा' सत्तरच्या दशकातलं. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावोगाव फिरून ते विचारत होते, सार्वजनिक विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येतं का. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती आणि चवदार तळ्याला पंचेचाळीस. उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असं होतं. कोकणकडा म्हणतात तेच: विहीर शांत होती, कारण एका वस्तीने तिच्याकडे जायचंच सोडलेलं होतं.

पण मला लिहायचंय ते हमाल पंचायतीबद्दल. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांची ही संघटना, पन्नासच्या दशकातली. यात मराठा आहे, धनगर आहे, दलित आहे, मुसलमान आहे. मजुरीचा दर, पोत्याचं वजन, म्हातारपणाची सोय, हे सगळ्यांचं एकच दुखणं. १९६९ चा माथाडी कायदा अशाच हमाल-माथाडींच्या लढ्यातून आला. १९७४ मध्ये पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात जेवण, नफा हा हेतू नाही. तिथल्या बाकावर कोण कुणाशेजारी बसलंय हे कुणी बघत नाही, सगळ्यांना कामावर परत जायची घाई असते.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने भारतातल्या सहा शहरांच्या जोड्या लावून हाच प्रश्न तपासला होता: अलीगड-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत. हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखंच असताना एक शहर पेटतं, दुसरं नाही, असं का? त्यांचं म्हणणं असं की एकमेकांच्या सणाला जाणं, शेजारधर्म, हे गावात पुरतं. शहरात ते कमी पडतं. तिथे लागतात त्या दोन्ही समाज ज्यांत आहेत अशा संघटना, म्हणजे कामगार संघटना, व्यापारी संघ, वाचनालयं. कारण दंगल झाली तर त्यांचं स्वतःचं नुकसान असतं, आणि अफवा खोटी आहे हे सांगायला त्यांच्याकडे रोजची माणसं असतात. धागाकर्त्यांचं मिरजेबद्दलचं निरीक्षण याच्याशी जुळतं.

शिरोळचा_मळा

आमच्या तालुक्यातलं कुरुंदवाड सगळ्यांना माहीत असेल. तिथे पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणपती एकत्र आले की एकाच छताखाली पंजे आणि मूर्ती. मोदक आणि मोहरमचे गोड चोंगे दोन्ही वाटतात. बाहेरचे लोक याला आश्चर्य म्हणून बघायला येतात, आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. पीर बसवणं, त्याला मलिदा करणं हे आमच्याकडे कितीतरी हिंदू घरांतलं व्रत आहे.

पण वरची चर्चा वाचून मी मशिदीतल्या गणपतीपेक्षा हेरवाडबद्दल सांगायला आलो. तेही आमच्याच तालुक्यात. ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत ठराव झाला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. दोन दिवसांनी शाहू महाराजांची शंभरावी पुण्यतिथी होती. १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव म्हणजे कागद, अंमल घरात होतो, हे मलाही कळतं. पण आमच्या गावात त्यानंतर हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलवायला सुरुवात झाली. माझी आई पंधरा वर्षं अशा कार्यक्रमाला स्वयंपाकघरात मदत करायला जायची, बाहेर बसायची नाही. आता बाहेर बसते. शेजारची जैन काकू तिच्या ओटीत तांदूळ घालते.

साबरमतीकाठचा_मराठी

महाराष्ट्राबाहेरचं लिहिलं तर चालेल ना? अहमदाबादमध्ये १ जुलै हा दिवस वसंत-रजब यांच्या नावाने पाळतात. १९४६ च्या रथयात्रेच्या वेळी शहरात दंगल उसळली. वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी, दोघे काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते, मित्र. जमावाला थांबवायला दोघे एकत्र गेले आणि दोघेही मारले गेले. हेगिष्टे मराठी घरातले, ही गोष्ट महाराष्ट्रात फार कमी लोकांना माहीत आहे. गायकवाड हवेलीत त्यांचं बंधुत्व स्मारक आहे. १ जुलैला तिथे फुलं वाहतात, गाणी म्हणतात, आणि शाळेतली मुलं येतात. एवढ्या वर्षांत या शहराने काय काय पाहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी दरवर्षी थोडी माणसं त्या दिवशी जमतात. मीही जातो, आणि मुलीला घेऊन जातो.

स्पष्टवक्ता७७

सगळं मान्य, पण एक प्रश्न विचारतो. ऐक्य ऐक्य म्हणताना दोन्ही बाजूंनी सारखं होतं का? आमच्याकडे मिरवणुकीचा मार्ग बदला, ढोल थांबवा, असं आम्हालाच सांगतात. राग म्हणून नाही, प्रश्न म्हणून विचारतोय.

शबनम_इचल

दादा, तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते.

२०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. मुंबईसह बऱ्याच ठिकाणी मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला. २०२४ मध्ये एका दिवसाचा फरक होता, तरी पुढे ढकलला. २०२५ मध्ये पुन्हा. त्याच २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली. पंढरपूर पट्ट्यातल्या आणि इतर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं स्वतः ठरवलं. आमच्याकडेही मशिदीत बसून ठरलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडील म्हणाले, शेजारच्या आजींचा उपवास आहे, आपल्याला तीन दिवस आहेत, आज काय घाई.

तुमच्या मिरवणुकीला मार्ग बदलायला सांगतात तेव्हा तुम्हाला काय वाटतं ते मला समजतं, कारण आम्हालाही तसंच सांगतात. दोघांनाही पोलीसच सांगतात, एकमेकांना आपण विचारतच नाही. आपण आधी बोललो तर त्यांना सांगावं लागणार नाही.

आणि एक मनातलं. जुलूस पुढे ढकलला की पेपरात 'समजूतदारपणा' म्हणून छान बातमी येते. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात खोली शोधत होता. फोनवर सगळं ठरायचं, आणि नाव सांगितलं की खोली गेलेली असायची. शेवटी त्याच्या वर्गातल्या मित्राच्या आईने आपल्या घरातली वरची खोली दिली. त्या काकूंना आमच्या गावात काय चाललंय, कुठला जुलूस कधी आहे, काही माहीत नाही. माझ्यासाठी शांततेचं सर्वांत मोठं काम त्या बाईंनी केलं.

स्पष्टवक्ता७७

शबनमताई, तीन-तीन वर्षांचं हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि खोलीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या सोसायटीच्या सभेत भाडेकरूंचा विषय निघतो तेव्हा काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. पुढच्या सभेत बोलेन.

माणदेशी_ओवी

इथे बायकांचा उल्लेख यंत्रमाग यांनी केला, मग परत नाही. आमच्याकडे बचत गट आहे. दोन मुस्लिम, बाकी मराठा, माळी, मातंग. हप्ता चुकला की एकमेकींच्या घरी जावंच लागतं, तिथे जात आड येत नाही. कार्यक्रमाला गट बोलावतात तो रांगोळीसाठी आणि चहासाठी. त्याऐवजी निरोपासाठी वापरा. गावातली खरी बातमी सगळ्यांत आधी पाण्याच्या टाकीजवळ येते.

मिरजपट्टा

माणदेशी ओवी, तुमचंच म्हणणं पटवणारा प्रसंग सांगतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास एका ग्रुपवर फोटो आला. देवळासमोरच्या खांबावरचा झेंडा अर्धा फाटलेला, त्याभोवती कुणीतरी लाल गोल काढलेला, आणि खाली मजकूर: 'बघा यांची हिंमत'. पाऊण तासात तालमीसमोर पोरं जमली. दुसऱ्या गल्लीतल्या पोरांना ते कळलं, तीही जमली. मधे एक बोळ.

पोलिसांना फोन गेला होता, पण त्याआधी बचत गटातल्या एका ताईंनी समोरच्या गल्लीतल्या त्यांच्या गटातल्या बाईंना फोन लावला होता. 'तुझा पोरगा तिथे आहे का? त्याला म्हण, खांबाकडे ये, माझाही येतोय.' दोन पोरं, वीज मंडळाचा वायरमन आणि मशीद ट्रस्टमधले एक चाचा, चौघे बॅटरी घेऊन खांबाशी गेले. वाऱ्याने झेंडा सर्व्हिस वायरच्या आकड्यात अडकून टराटरा फाटला होता. निम्मा तुकडा अजून वरच आकड्यात होता, फोटोत तो कापून टाकलेला. वायरमनने लाइन बंद करून तो काढला. दोन्ही पोरांनी तुकडा हातात धरून व्हिडिओ केला, आकडा दाखवला, आणि त्याच ग्रुपवर टाकला. सकाळी तालमीतल्या पोरांनी नवा झेंडा लावला, तेव्हा शिडी चाचांच्या घरून आणली.

हे जमलं कारण उन्हाळाभर हीच माणसं अंगणवाडीच्या गळक्या छतासाठी एकत्र महापालिकेत खेटे घालत होती. त्या ताईंकडे त्या बाईंचा नंबर होता तो त्यामुळे. सणाच्या बैठकीत कुणी कुणाचा नंबर घेत नाही.

नदीकाठचा

आता माझी शंका थोडी कमी झाली. पण हे पुढच्या पाच वर्षांत टिकण्यासाठी काय करताय?

मिरजपट्टा

आमच्या गटात पुढारी किंवा निवडणुकीतला उमेदवार सभासद होऊ शकत नाही, हा एक नियम केलाय. निमंत्रक दर वर्षी बदलतो, एकदा बाई, एकदा पुरुष. वर्गणी नाही, देणगी नाही. चहा ज्याच्या घरी बैठक त्याचा. पोलिसांना तीन महिन्यांतून एकदा आम्ही बोलावतो, आमच्या जागेत. आणि पंचविशीच्या आतली निम्मी मुलं असली पाहिजेत, हे सगळ्यांत अवघड जातंय. मुलं कामाला पुणे-मुंबईला जातात. त्यासाठी काही सुचत असेल तर सांगा.

माटुंगा_लेबर_कॅम्प

मुलांना बैठकीला बोलावू नका, त्यांना काम द्या. आमच्याकडे दहावीच्या मुलांचे फुकट वर्ग चालतात, शिकवणारी कॉलेजची मुलं दोन्ही बाजूंची. संध्याकाळी सात ते नऊ. त्यांच्याच हातात त्या वस्तीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एखादा फोटो आला की आधी तीच मुलं विचारतात, कुठला आहे, कधीचा आहे.

शिरोळचा_मळा

आमच्या गावात मी सुरू करायचं म्हणतोय. पहिली बैठक कुठे घ्यावी? देवळाचा सभामंडप मोठा आहे, पण तिथे नको असं वाटतं.

मिरजपट्टा

देऊळ, मशीद, ग्रामपंचायत, कुणा पुढाऱ्याचं कार्यालय, यातलं काही नको. शाळा किंवा वाचनालय. सत्कार ठेवू नका, हार-नारळ नको, आणि पहिल्या बैठकीत धर्म किंवा ऐक्य हा विषयच घेऊ नका. गावात सगळ्यांना छळणारी एक गोष्ट घ्या आणि तिच्यासाठी कोण कुठे जाणार ते ठरवा. मागासवस्तीतून कुणी आलं नाही तर बैठक पुढे ढकला आणि तिकडे जाऊन बोलवा, तिथेच बसा. येणाऱ्याने आपला नंबर एका वहीत लिहायचा, आणि वही शाळेतच ठेवायची.

शिरोळचा_मळा

वाचनालयाचा हॉल मिळतोय. विषय पाण्याच्या वेळेचा घेतो. आमच्या वरच्या आळीला पहाटे चारला पाणी सोडतात आणि खालच्या वस्तीला दिवसाआड, यावरून दोन्हीकडे नाराजी आहे. पहिली बैठक खालच्या वस्तीतल्या समाजमंदिरात घेऊ का असं आईने विचारलं. मला ते जास्त पटलं. येत्या रविवारी सकाळी दहा. झाल्यावर इथेच लिहितो.